व्हॉइड लिनक्स: मूळ माणूस गेल्यावरही वापरण्यासारखं आहे का?

व्हॉइड, म्हणजे लिनक्सचं एक डिस्ट्रो (लिनक्सवर उभारलेली तयार ऑपरेटिंग सिस्टीम), त्याचं नाव काढलं की कुणीतरी हमखास विचारतं, "अरे पण त्याचा मूळ डेव्हलपर गायब झाला होता ना, मग कशाला त्याच्या नादाला लागायचं?" प्रश्न चुकीचा नाहीये, म्हणून रिव्ह्यू तिथूनच सुरू करतो, बूट किती सेकंदात होतं वगैरे नंतर.

हुआन रोमेरो पार्दिनेस, आधी नेटबीएसडीमधे काम केलेला माणूस, त्याने 2008 मधे एक्सबीपीएस नावाचा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर टाकायचा, काढायचा, अपडेट करायचा प्रोग्राम) लिहायला घेतला आणि तो नीट चालतो का हे बघायला म्हणून व्हॉइड उभं राहिलं. डेबियन किंवा आर्च या दुसऱ्या डिस्ट्रोंवर रंग मारून काढलेलं डिस्ट्रो नाही हे, पायापासून स्वतःचं आहे, म्हणजे पॅकेज मॅनेजर त्याचा, पॅकेज बांधायची सिस्टीम त्याची, आणि मशीन चालू झाल्यावर सगळ्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी सगळे सिस्टमडीकडे पळत होते तेव्हा ते सोडून रनिट घ्यायचा निर्णयही पार्दिनेसच्याच काळातला. असा माणूस 2018 च्या सुरुवातीला एकदम शांत झाला. उत्तर नाही, निरोप नाही, 'आता तुम्ही सांभाळा' असं म्हणणंही नाही. टीमने काही महिने वाट बघितली आणि मे 2018 मधे जाहीर सांगून टाकलं की लीडचा पत्ता लागत नाहीये, आम्ही प्रोजेक्ट नव्या जागी हलवतोय.

आता गंमत बघा, कोड अडकला नव्हता. कोड ओपन सोर्स, शेकडो लोकांच्या मशीनवर कॉपी पडलेली, तो कोण अडवणार? अडकलं ते बाकीचं सगळं, म्हणजे वेबसाइटचं डोमेन एकाच्या नावावर आणि गिटहबवरच्या (जिथे कोड ठेवतात ती साइट) ऑर्गनायझेशनचे वरचे हक्क त्याच्याचकडे. लायसन्सने तुम्हाला प्रोग्राम बदलायचा, वाटायचा, फोर्क करायचा (कॉपी घेऊन वेगळा पुढे न्यायचा) हक्क मिळतो, पण पासवर्ड लायसन्समधे येत नाही ना राव. मग त्या लोकांनी काय केलं तर नवीन ऑर्गनायझेशन काढली, रेपो (कोडचा साठा) तिकडे नेला, डॉट ईयूचा जुना पत्ता सोडून डॉट ऑर्गवर साइट उभी केली, आणि ज्यांच्या कॉन्फिगमधे जुन्या मिररचा पत्ता होता त्यांना तो बदलायला लावला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोकांची मशीन्स जिथून अपडेट घेतात तो पत्ताच बदलायचा आणि तरी लोकांनी विश्वास ठेवायचा, हे लई नाजूक काम आहे. गेलेला माणूस उद्या परत येईल की नाही हे माहीत नसताना करायचं म्हणजे अजूनच. लवकर केलं तर म्हणणार खुर्ची बळकावली, उशीर केला तर डोमेनची मुदत संपणार.

माणसं निघून जातातच, त्यात काही पाप नाही. आर्चचा जनक जड व्हिनेट 2007 मधे बाजूला झाला, पण जाताना आरोन ग्रिफिनच्या हातात देऊन गेला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जनकाने, गिडो व्हान रॉसमने, जुलै 2018 मधे, म्हणजे व्हॉइडचा हा गोंधळ चालू होता त्याच वर्षी, सरळ सांगितलं की मी थांबतो, नियम तुम्ही ठरवा, आणि मग पाच जणांची स्टीअरिंग काउन्सिल निवडून आली. क्रंचबँग हे डिस्ट्रो 2015 मधे बंद केलं तेही निदान सांगून, म्हणून ते पुढे नेणाऱ्या बन्सनलॅब्सवाल्यांना स्वच्छ सुरुवात करता आली. न सांगता जाणं वेगळं. त्यात मागच्यांचा निम्मा वेळ हा माणूस आजारी आहे, चिडलाय की कंटाळलाय याचा अंदाज बांधण्यात जातो (आणि खरं सांगायचं तर फुकट काम करणाऱ्याने कंटाळायला काय हरकत आहे, त्याने काय बाँड लिहून दिलाय?).

बरं, आता वापराचं. इन्स्टॉलर टेक्स्टवाला आहे, दिसायला जुनाट पण काम सरळ करतो. रेडीमेड हवं तर एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) वाली इमेज घ्या, नाहीतर बेस घेऊन स्वतः चढवा. एक्सबीपीएस फास्ट आहे, म्हणजे खरंच फास्ट, आणि अपडेट करताना एखाद्या लायब्ररीचा मेळ बसत नसेल तर अर्धवट काहीतरी करून ठेवण्यापेक्षा आधीच थांबतो आणि सांगतो. रोलिंग रिलीज (ठरावीक आवृत्त्या नाहीत, अपडेट सतत येत राहतात) असूनही धडधड कमी होते ती यामुळेच. रनिट तर मला इतकं आवडलंय की आता दुसरीकडे गेलो की चिडचिड होते, सर्व्हिस चालू करायची म्हणजे एक सिमलिंक (शॉर्टकटसारखी लिंक) टाकायची, बंद करायची तर ती काढायची, संपलं. लॅपटॉप जुना असेल तर फरक लगेच जाणवतो.

त्रास पण आहे. लॉगिंग (सिस्टीममधे काय घडलं याची नोंद) आपोआप येत नाही, त्यासाठी सॉकलॉग स्वतः टाकावं लागतं, आणि हे नवीन माणसाला कळतं कधी तर काहीतरी बिघडल्यावर तो लॉग शोधायला जातो तेव्हा. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप निघत नाहीत, बूट पार्टिशन छोटं असेल तर भरून बसतं, म्हणून ते काढणारी व्हीकेपर्ज ही कमांड पहिल्या दिवशीच शिकून घ्या.

पॅकेजच्या बाबतीत हे लोक कडक आहेत. अर्धवट, रिलीज न झालेल्या व्हर्जन घेत नाहीत, फायरफॉक्स किंवा क्रोमियमचे फोर्क तर साधारणपणे नाहीच म्हणतात, कारण त्यांना पॅच फार लागतात आणि बिल्ड व्हायला तासन् तास जातात. यावरून लोक सारखे भांडतात की एवढा ताठा कशाला. मला तो ताठा वाटत नाही. ज्यांनी एकदा दुसऱ्याचा पसारा कुलूपबंद अवस्थेत अंगावर घेतलाय ते नवीन पॅकेज घेताना विचारणारच ना, की आणून टाकणारा सहा महिन्यांनी गेला तर हे बघणार कोण. 2024 मधे एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करायच्या टूलमधे काय झालं ते आठवा, थकलेल्या मेंटेनरच्या मदतीला धावून आलेल्याच माणसाने बॅकडोर (चोरदरवाजा) घुसवला. नवीन माणसावर किती आणि कधी भरवसा टाकायचा हा प्रश्न तिथे असा महागात पडला. त्यामानाने पुल रिक्वेस्ट (लोकांनी मंजुरीसाठी पाठवलेले बदल) पडून राहणं परवडलं, जरी मला स्वतःला ते पडून राहणं वैताग देतं, छोट्याशा व्हर्जन अपडेटला पण कधीकधी कुणी बघतच नाही.

डॉक्युमेंटेशन मात्र सुधारलंय. जुना विकी सोडून हँडबुक केलंय, छोटं आहे, मुद्द्याचं आहे, आणि मुख्य म्हणजे ज्या गोष्टी पूर्वी जाणकारांच्या डोक्यातच असायच्या त्यातल्या बऱ्याच आता लिहिलेल्या सापडतात. आर्चच्या विकीएवढं त्यात नाहीये, अडलं की मी अजूनही तिकडे डोकावतो.

नव्यांनी ग्लिबसी (प्रोग्राम जिच्यावर चालतात ती नेहमीची सी लायब्ररी) वालीच इमेज घ्यावी. तिला पर्याय असलेलं मसल हलकं वगैरे सगळं ठीक, पण एनव्हिडियाचा प्रोप्रायटरी ड्रायव्हर त्यावर चालत नाही आणि स्टीम हवं असेल तर तेही तिथेच अडतं, मग फ्लॅटपॅकची (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट टाकायची पद्धत) खटपट करत बसावं लागतं. ग्लिबसीवर ड्रायव्हरसाठी नॉनफ्री (मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर) आणि स्टीमसाठी वरून मल्टिलिबची (32-बिट प्रोग्रामसाठीची) रेपो वेगळी चालू करावी लागते, ती केली की बाकी काही अडत नाही.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो पडून राहिलेल्या पुल रिक्वेस्टसाठी.