नाशिकजवळच्या मखमलाबादकडचं घरगुती जर्मन शेफर्ड ब्रीडिंग: पिल्लू घ्यावं का?

घ्यावं, पण काही गोष्टी आधी ठणकावून विचारून.

माद्या दोनच, सगळं घरचीच माणसं बघतात, आणि पिल्लं स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत वाढतात. मेंढ्या राखायला घडवलेल्या जातीसाठी हे फार मोलाचं. तिची नजर सतत हालचालीवर असते. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे ओळखीचं झालं नाही, त्याच्यावर ती पुढे भुंकते, नाहीतर घाबरून चावते.

आई जिथे विते आणि पिल्लांना पाजते, ती पेटी बघण्यासारखी आहे. आतून चारही बाजूंना पाइपाची कड आहे, त्यामुळे आई कुशीवर वळली तरी पिल्लू भिंतीशी चेंगरत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना अंगची ऊब राखता येत नाही, म्हणून उबेच्या जागी 30 अंशांच्या आसपास तापमान ठेवतात. बल्ब मात्र एकाच कोपऱ्यात, उकडलं तर पिल्लू सरकून दुसरीकडे जातं. वजन रोज काट्यावर करून वहीत लिहितात. आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. एखादं मागे पडलं की त्याला आधी आईचं दूध प्यायला लावतात.

डोळे 10 ते 14 दिवसांत उघडतात, कान त्यानंतर. मग कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारच्या द्राक्षबागेतला ब्लोअर, सगळं आधी लांबून आणि खाणं चालू असताना ऐकवतात. पिल्लू दचकलं तर बिघडत नाही. ते किती लवकर पुन्हा ताटलीकडे वळतं ते बघा. जे कोपरा सोडतच नाही, ते लहान मुलांच्या घरी नेऊ नका. हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, जमिनीवर बसलेली पोरं हेही येऊन जातात. रोज प्रत्येक पिल्लाला थोडा वेळ भावंडांपासून वेगळं ठेवतात. हे बरेच ब्रीडर टाळतात आणि मग नव्या घरी पहिल्या रात्री रडारड होते.

आता खटकणारं. पडवीची फरशी गुळगुळीत आहे. पाय फाकून घसरत वाढलेल्या पिल्लाच्या खुब्यावर ताण येतो, आणि या जातीत खुब्याचा दोष मुळातच जास्त. रबरी मॅट टाकायला कितीसा खर्च? फरशी पुसतात फिनेलने. त्याने पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या लावणाऱ्या विषाणूचं काही बिघडत नाही. त्याऐवजी एक भाग घरगुती ब्लीच, 30 भाग पाणी, आणि पुसण्याआधी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. येणाऱ्यांच्या चपलाही दारातच काढायला लावायला हव्यात.

खाऊ चौथ्या आठवड्यापासून, मोठ्या जातीच्या पिल्लांचा, कोमट पाण्यात भिजवून. इथवर उत्तम. पण सोबत कॅल्शियमचं सिरप देतात, ते कशाला? तयार खाद्यात ते पुरेसं असतं. जादा झालं तर वाढत्या हाडांचं नुकसानच होतं. घरी नेल्यावर बंद करा.

2017 च्या ब्रीडिंग नियमांप्रमाणे आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, आणि इथे ते पाळतात. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, पहिली लस झालेली, कार्डावर बाटलीचं लेबल चिकटवलेलं. आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मात्र मागितल्यावरच दाखवतात, आणि तेही फक्त आईचे. नराचे येईपर्यंत बयाणा देऊ नका.