क्लिकला दोन रुपये: अ‍ॅडसेन्सवरच राहायचं की दुसरी वाट धरायची?

मराठी ब्लॉगवर अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेच्या, जाहिरातींना क्लिकमागे दीड-दोन रुपयेच मिळायला लागले की विषयच बदलावा असं वाटू लागतं. घाई करू नका. आधी दोन पानांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडा.

समजा, पुरणपोळीच्या कृतीचं पान आणि ठिबक सिंचनाचं पान, दोन्ही महिन्याला 10,000 वेळा उघडली गेली. पुरणपोळीवर 120 क्लिक, दर 1.80 रुपये, कमाई 216 रुपये. ठिबकवर 30 क्लिक, दर 6 रुपये, कमाई 180. क्लिकचा भाव तिपटीहून जास्त, तरी ठिबक मागे! म्हणून भाव नको, दर हजार वाचनांमागची कमाई, म्हणजे आरपीएम बघा: इथे 21.60 आणि 18 रुपये. तसंही 2024 च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स क्लिकवर नव्हे, जाहिरात दिसण्यावर पैसे देतं. पानवार आकडे हवे असतील तर अ‍ॅडसेन्समध्ये यूआरएल चॅनेल, म्हणजे त्या-त्या पानाच्या पत्त्याची वेगळी नोंद, करून घ्या.

भाव पडतो कारण जाहिरातीची जागा लिलावात जाते. पुरण शिजत घातलेल्या माणसाला त्या घडीला काही विकत घ्यायचं नसतं. ठिबकचं पान वाचणारा मात्र लॅटरल (ठिबकच्या नळ्या), फिल्टर, व्हेंच्युरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) यांचे भाव काढत असतो. वाचक कुठे बसलाय यानेही फरक पडतो: तीच पुरणपोळी न्यू जर्सीत उघडली तर बोली साताऱ्यापेक्षा सहसा चढी लागते. दिवाळीत चढलेले भाव जानेवारीत उतरतात, म्हणून जानेवारीची तुलना आधीच्या जानेवारीशीच करा.

एक चूक मात्र आपल्याच हातची असते. मोबाइलवर ‘पुढचं पान’ या बटणाला चिकटून जाहिरात लावली की अंगठा चुकून तिच्यावर पडतो. क्लिक वाढतात, खरेदी होत नाही, जाहिरातदाराची बोली उतरते आणि असे क्लिक अवैध ठरून पैसेही कापले जातात. बटण आणि जाहिरात यांच्यात निदान एक परिच्छेद येऊ द्या.

आता दुसरी वाट. ठिबकच्या पानावर किटची कमिशनवाली लिंक दिली, 200 जणांनी ती उघडली, चौघांनी 1,500 रुपयांचं किट घेतलं आणि कमिशन 4 टक्के धरलं, तर 240 रुपये होतात. अ‍ॅडसेन्सच्या 180 पेक्षा बरे. पुरणपोळीच्या पानावर हे चालणं कठीण, कारण कढई आणि पुरणयंत्र वाचकाच्या घरात असतंच. शिवाय अ‍ॅमेझॉनच्या कमिशन योजनेत 180 दिवसांत 3 विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. कमी वाचनाच्या ब्लॉगने ते खातं घाईने उघडू नये.

अ‍ॅडसेन्सचे पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय बँकेत येत नाहीत. वरची दोन्ही पानं मिळून महिन्याला 396 रुपये. म्हणजे पहिला हप्ता यायला दीड वर्षाहून जास्त. एवढ्या वाचनावर आमचा कौल थेट जाहिरातीला आहे. तालुक्यातला ठिबकचा विक्रेता किंवा घरगुती मसाले करणारा बचत गट गाठा, मागच्या तीन महिन्यांच्या वाचनाचे आकडे दाखवा आणि महिन्याचा ठरावीक दर घ्या. हजार रुपये ठरले तरी दोन्ही पानांच्या अ‍ॅडसेन्सच्या अडीचपट होतात. करार तीन महिन्यांचा ठेवा, पैसे आगाऊ घ्या, चौकटीवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा आणि लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावा. ही खूण लावायची विसरलात तर गूगल त्या लिंकला शोधातलं स्थान वाढवायला विकत दिलेली लिंक मानतं आणि शोधातलं स्थान घसरू शकतं.