लेप लावून कॅन्सर "मुळासकट" काढतो म्हणतात, तिथला आमचा अनुभव (१ स्टार)

नाव लिहित नाही, तालुक्याला स्टँडच्या मागे मोठा बोर्ड आहे, आसपासच्या लोकांना कळेलच.

आईचं वय ६८. आधी लुगडं, नंतर सहावारी आणि परकर, गाठ किंवा नाडा मात्र कायम एकाच जागी करकचून. उजव्या कमरेवर नाड्याखाली कातडी काळी पडली, खाज सुटायची, मग जखम झाली, ती भरायची आणि परत फुटायची. दीड वर्ष तिने कुणाला दाखवलीच नाही, जागाच तशी. शेवटी दवाखान्यात नेलं, तुकडा तपासला तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. म्हणजे कातडीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, अजून लहान आहे, कडेची थोडी चांगली कातडी धरून कापून टाकू. आईने बाहेर येऊन एकच धरलं, चाकू लागला की पसरतो. मग शेजारच्या काकूंनी इथला पत्ता दिला आणि गाडी मीच केली.

खरं सांगायचं तर तिथं आमचं ऐकून घेतलं. अर्धा तास. आईला "माई" म्हणाले, जखम स्वतः धुतली, घाबरू नका म्हणाले. दवाखान्यात तीन मिनिटांत बाहेर आलो होतो, त्यामुळे आईला हाच माणूस आपला वाटला आणि मलाही वाटला. लोक तिथं का जातात ते मला चांगलं कळतंय.

लेप काळा, चिकट, बिब्ब्याचा वास. त्यात काय आहे विचारलं तर घराण्याचं आहे, सांगत नाहीत. पहिल्या रात्री आई उशी तोंडात धरून रडली, आजूबाजूची चांगली कातडीसुद्धा भाजल्यासारखी सोलून निघाली. फोन केला तर म्हणे विष बाहेर पडतंय, थांबवू नका. पंधराव्या दिवशी रुपयाएवढी जाड काळी खपली पडली, ती त्यांनी चिमट्यात धरून दाखवली, "हे बघा मूळ." आई हसली. आम्ही पेढे वाटले.

नंतर ऑपरेशनच्या वेळी सर्जन मॅडमनी समजावलं की असले जाळणारे लेप चांगली-वाईट कातडी सगळीच जाळतात, खपली म्हणजे ते मेलेलं मांस, कॅन्सरचं मूळ नाही. वरून कातडी मिटते आणि खाली राहिलेला कॅन्सर वाढत राहतो, दिसत नाही म्हणून कुणी बघतही नाही. आमच्या बाबतीत तेच झालं. पाच महिन्यांनी जांघेत गाठ आली, अवधाण (जखमेमुळे जांघेत येणारी साधी गाठ) असेल म्हणून लेपवाल्यांनी त्यावरही लेपच दिला. ती गाठ कॅन्सरचीच होती. जे काम आधी लहान जागेत भागलं असतं त्याला मोठं ऑपरेशन, मांडीची कातडी काढून लावणं, जांघेतल्या गाठी काढणं आणि वर रेडिएशन लागलं.

बिनऑपरेशनचा प्रत्येक उपाय खोटा असं मी म्हणत नाही. बेसल सेल नावाचा कातडीच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार असतो, तो वरवरचा असेल तर इमिक्विमॉड नावाचं मलम डॉक्टरच देतात, काहींना नुसतं रेडिएशन देतात, पण ते तुकडा तपासून, कुठला प्रकार, किती खोल ते बघून, आणि नंतर परत परत तपासतात. इथं आठ महिन्यांत एकदाही तपासणी नाही, आधीचा रिपोर्ट उघडून बघितला नाही, पावती नाही. आणि "कॅन्सर हमखास बरा" असा बोर्ड लावणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला खूप उशिरा समजलं.

बायकांसाठी अजून एक, नाड्याखालची जखम लपवू नका गं. धोतर घट्ट बांधून कमरेवर होणाऱ्या कॅन्सरवर डॉक्टरांनी १९४५ मध्येच लिहिलंय, साडी-परकराचंही तेच, २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांच्या केसेस छापल्यात. रुंद पट्टीचा किंवा इलॅस्टिकचा परकर घाला, जागा बदलत राहा, आणि न भरणारी जखम महिन्याच्या आत दाखवा.

आई आता बरी आहे, पायाला सूज असते, दर तीन महिन्यांनी दाखवायला नेते. खपली पडली त्या दिवशी लेपवाल्यांनी आईचा फोटो काढला होता, तो अजून त्यांच्या भिंतीवर "बरे झालेले पेशंट" मध्ये लावलेला आहे. दोनदा जाऊन काढा म्हणून सांगितलं, तो निघेपर्यंत हा रिव्ह्यू मी काढणार नाही.