मुंबईतील रस्ते-तक्रार सेवा: सायकलच्या सीटवरून आणि पदपथावरून केलेले परीक्षण

मुंबईत रस्त्यावरच्या धोक्याची तक्रार नोंदवणे आता अवघड राहिलेले नाही, हे श्रेय आधी देऊन टाकते. महापालिकेचा १९१६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालतो, पलीकडून मराठीत उत्तर मिळते आणि जवळची खूण विचारून घेऊन तक्रार क्रमांक दिला जातो. विभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेण्याचा जुना मार्गही शाबूत आहे. जून २०२५ मध्ये महापालिकेने केवळ खड्ड्यांसाठी ‘पॉटहोल क्विकफिक्स’ हे ॲप आणले आणि ४८ तासांत दुरुस्तीचे आश्वासन दिले. सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते सांभाळणाऱ्या आणि दर पावसाळ्यात टीकेचे धनी होणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने हे साधे काम नाही. मी रोज सायकलने कामावर जाते आणि बाजारहाट पायी करते, त्यामुळे या सेवेचा मला वारंवार उपयोग करावा लागतो. हे परीक्षण त्या वापरावरून लिहिले आहे. ज्या कार्यालयांशी आणि कंत्राटदारांशी माझा संबंध आला त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण जो दोष मला दिसतो तो एखाद्या कार्यालयापुरता नसून कामाच्या पद्धतीतला आहे.

तो दोष असा, की या सेवेला फक्त ‘खड्डा’ चांगला कळतो. डांबरी रस्त्याला भोक पडले, त्याचे स्वच्छ छायाचित्र गेले आणि रस्ता महापालिकेच्या ताब्यातला असला, तर काम होते. पुष्कळदा मुदतीच्या आत होते, आणि भर पावसात मास्टिक डांबराची भट्टी घेऊन आलेले कामगार मी स्वतः पाहिले आहेत. मात्र सायकलस्वाराला पाडणाऱ्या आणि पादचाऱ्याला रस्त्यावर उतरायला लावणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक खड्ड्याच्या व्याख्येत बसत नाहीत. मोटारीत बसलेल्या माणसाला त्या जाणवतही नाहीत.

पर्जन्यजलवाहिनीच्या जाळीचेच घ्या. रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे सायकलस्वाराने जिथून जावे अशी सर्वांची अपेक्षा असते नेमक्या तिथे, पाणी खाली जाण्यासाठी लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात. जाळीच्या फटी वाहतुकीच्या दिशेला आडव्या असतील तर चाक त्यांवरून खडखडत निघून जाते. त्याच फटी दिशेला समांतर असतील, तर अरुंद टायरचे चाक सरळ आत जाते, जागच्या जागी थांबते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर शाळेच्या वळणापाशी अशी एक जाळी होती. दोन सळयांमधील अंतर सहज दोन बोटे भरेल इतके होते. एका बाजूची चौकट रस्त्यापासून खाली दबलेली होती, आणि पावसाचे पाणी साचले की वरून फक्त तपकिरी डबके दिसायचे. मोटारीचे रुंद टायर त्यावरून जाताना साधा आवाजही होत नसे. या जाळीत बिघडलेले काही नव्हते. ती तुटलेली नव्हती, चोरीला गेलेली नव्हती आणि पाणी उत्तम वाहून नेत होती. त्यामुळे पहिल्या तक्रारीवर ‘जाळी सुस्थितीत आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली, आणि तांत्रिक दृष्ट्या तो शेरा खोटा नव्हता.

पुढच्या खेपेस मी चूक कशात आहे ते न लिहिता काय करावे ते लिहिले: ‘वाहतुकीच्या दिशेला समांतर फटी असलेली जाळी; सायकलचे चाक अडकते; जाळी काटकोनात फिरवून बसवावी किंवा तिच्यावर आडव्या पट्ट्या जोडाव्यात.’ सोबत सायकलचे पुढचे चाक फटीत उभे राहिलेले छायाचित्र जोडले आणि शेजारच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक दिला. त्यानंतर दुय्यम अभियंत्यांचा फोन आला. ‘मॅडम, हे आमच्याकडे येत नाही, एसडब्ल्यूडीकडे जातं,’ म्हणजे पर्जन्यजलवाहिनी खात्याकडे, असे ते म्हणाले, पण त्यांनी तक्रार बंद न करता पुढे पाठवली. शेवटी काम करायला आलेल्या मुकादमांनी खरी अडचण सांगितली. ‘ताई, जाळी फिरवली असती, पण चौकट चौरस नाही, ती आडवी बसणारच नाही.’ त्यांनी तीन पट्ट्या वेल्डिंग करून दिल्या. त्या आजही टिकून आहेत, आणि या सगळ्या व्यवहारात ज्याला प्रश्न क्षणात कळला असा माणूस म्हणजे ते मुकादमच.

या सेवेत खरा वेळ खातो तो खात्यांचा प्रश्न. विभाग कार्यालयात परिरक्षण खाते असते, त्याशिवाय रस्ते, पर्जन्यजलवाहिन्या, मलनिःसारण, जल अभियंता, उद्यान आणि अतिक्रमण निर्मूलन ही खाती असतात, आणि रस्त्याच्या एका चौरस मीटरवर यांतल्या तीन-चार खात्यांचा हक्क असू शकतो. मॅनहोलचे झाकण वर आलेले असेल तर ते कोणाचे आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. झाकणावर पुष्कळदा खात्याची किंवा कंपनीची अक्षरे ओतलेली असतात. माती झटकून त्यांचे छायाचित्र जोडले तर तक्रारीचा एक मोठा फेरा वाचतो. चेंबर दूरसंचार किंवा वीज कंपनीचे निघाले, तर महापालिका त्या कंपनीला कळवते, आणि मग तक्रारदाराच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही राहत नाही. मेट्रोच्या कामाचे पत्रे जिथे उभे आहेत तिथे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, किंवा मेट्रोची यंत्रणा येते. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, त्यामुळे निदान त्या दोन रस्त्यांपुरती टोलवाटोलवी कमी झाली. इतरत्र रस्ता कोणाचा हे नागरिकाने आधी शोधून काढावे अशी अपेक्षा अजूनही गृहीत धरली जाते. ती मला मान्य नाही. सरकारी नकाशे सरकारकडे असतात. ठिकाण कळल्यावर खाते ठरवण्याचे काम संगणकाने करावे.

उघड्या मॅनहोलच्या बाबतीत मात्र यंत्रणेची चाल वेगळी आहे, हे नोंदवले पाहिजे. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत शहरातील एक ख्यातनाम पोटविकारतज्ज्ञ घरी चालत जात असताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्यास सुरुवात झाली. उघड्या झाकणाचा फोन केला असता रात्रीसुद्धा माणूस येऊन अडथळा उभा करून गेल्याचा माझा अनुभव आहे.

चरांचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. वाहिनी टाकण्यासाठी रस्ता खणला जातो आणि चर बुजवला जातो, पण भराव थराथराने दाबलेला नसला की पहिल्या मोठ्या पावसात तो खाली बसतो. रस्त्याच्या लांबीला धरून जाणारा, दोन बोटे खोल आणि हातभर रुंद असा पट्टा तयार होतो. त्याला कोणी खड्डा म्हणत नाही, पण तो तिरका ओलांडताना सायकलचे चाक त्याच्या काठाला घासत जाते आणि तोल जातो. काँक्रीटच्या रस्त्याची कड आणि बाजूची पेव्हर ब्लॉकची पट्टी यांच्यातली उंचीची तफावत हा त्याच जातीचा धोका. २०२३ पासून शहरात दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचे काँक्रीटीकरण हाती घेण्यात आले. त्यामुळे खड्डे कमी होतील हे खरे, पण जिथे कडेचे काम अर्धवट राहते तिथे सायकलस्वाराच्या वाट्याला नवी कड येते. अशा कडेच्या तक्रारीवर ‘काम प्रगतिपथावर’ हे उत्तर मिळते, आणि पावसाळ्यापूर्वी खोदकाम थांबले की ते उत्तर पावसाळाभर तसेच राहते.

तक्रार बंद करण्याची पद्धत ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू आहे. काम झाल्याचे छायाचित्र चढवले की तक्रार ‘निकाली’ निघते. एकदा बुजवलेल्या चराच्या माझ्या तक्रारीवर जे छायाचित्र आले ते शेजारच्या गल्लीतल्या भलत्याच चराचे होते. मागे दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीवरून ते ओळखता आले. विभागात जाऊन दाखवल्यावर संबंधितांनी वाद न घालता तक्रार पुन्हा उघडली आणि दुरुस्ती झाली, म्हणून मी त्यात लबाडी पाहत नाही. आकडेवारीत मात्र ती तक्रार आधीच मुदतीत सोडवलेली म्हणून मोजली गेली असणार. तक्रारदाराने ‘झाले’ म्हणेपर्यंत ती बंद होऊ नये, एवढा एकच बदल केला तरी या सेवेची किंमत दुप्पट होईल.

पदपथांविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे सेवेची कामगिरी एका वाक्यात सांगता येते: तुटलेला पेव्हर ब्लॉक बदलला जातो, पण पदपथ चालण्यायोग्य होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि काठाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आमच्याकडे प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ तोडून उतार केलेला आहे, मध्ये वीजपेटी आहे, आणि दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले खांब इतके जवळ आहेत की व्हीलचेअर जात नाही आणि दुचाकी जाते. ज्येष्ठ नागरिक खाली उतरून रस्त्याने चालतात, आणि तिथे चराची ती कड त्यांची वाट पाहत असते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे म्हटले आहे; तक्रारीत ही ओळ लिहिल्याने काम लवकर होते असा माझा अनुभव नाही, पण विभाग कार्यालयातल्या भेटीत बोलण्याचा सूर बदलतो.

त्याहून अधिक परिणाम झाला आहे तो मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाचा. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, आणि ती रक्कम जबाबदार ठरणारे अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असे न्यायालयाने सांगितले. या आदेशामुळे तक्रारीच्या नोंदीला पुराव्याचे मोल आले आहे: धोका आधी कळवलेला होता, हे तारखेसह दाखवता येते. म्हणूनच तोंडी सांगून किंवा समाजमाध्यमावर छायाचित्र टाकून थांबू नये. क्रमांक मिळेल अशाच मार्गाने तक्रार करावी आणि तो क्रमांक जपून ठेवावा. बंद झालेल्या तक्रारीचे कागद हवे असतील तर माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मी तो मार्ग क्वचितच वापरते, कारण अभियंत्यांशी चाललेला संवाद त्यानंतर बराच काळ कागदोपत्रीच होतो.

गुण द्यायचेच तर खड्डे आणि उघडी मॅनहोल यांसाठी पाचपैकी साडेतीन, चर आणि कडा यांसाठी दोन, पदपथांसाठी दीड. अभियंत्यांच्या वागणुकीला मी याहून बरेच जास्त देईन. त्यांच्या हातात जी वर्गवारी दिली आहे तिच्यात ‘सायकल’ हा शब्द नसल्यासारखे त्यांना काम करावे लागते.

वापरणाऱ्यांना एक सूचना विशेष करून करावीशी वाटते. तुमच्या रस्त्याचे काँक्रीटीकरण ठरलेले असेल, तर जाळ्या, झाकणांची पातळी आणि पदपथाचे उतार यांविषयीचे पत्र काम सुरू होण्याच्या आधी, रस्ते विभागाचे कार्यकारी अभियंता आणि विभागाचे सहायक आयुक्त अशा दोघांच्या नावे द्यावे आणि दोन्हीकडची पोच घ्यावी. चौकट काँक्रीटमध्ये बसण्यापूर्वी जाळीची दिशा बदलायला काहीच खर्च येत नाही. नंतर मात्र आमच्या वळणावर झाले तसे वेल्डिंगवाल्याला बोलवावे लागते, आणि प्रत्येक विभागात तसा मुकादम भेटेलच असे नाही.