कोरोनाकाळातली नाशिक महापालिका : तिजोरी, घंटागाडी आणि ऑक्सिजनची टाकी

कोरोनाने नाशिक महापालिकेची तिजोरी पार रिकामी केली, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. 2020-21 आणि 2021-22 ही दोन वर्षं महापालिका तगली ती मुख्यतः जीएसटीच्या अनुदानावर. त्यात राजीव गांधी भवनाची, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयाची, कर्तबगारी फारशी नव्हती. म्हणून परीक्षण करताना पैसा वेगळा आणि काम वेगळं तपासावं लागतं. पैशाला पाचपैकी साडेतीन. कामाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे.

आधी पैसा. जकात 2013 मध्ये गेली आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. तोही 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला. तेव्हा महापालिकांना भरपाई देण्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला: 2016-17 हे पायाभूत वर्ष, त्यावर दरसाल 8 टक्के चक्रवाढ आणि पैसे दर महिन्याला. पायाभूत उत्पन्न 100 धरलं तर 2020-21 मध्ये ते साधारण 136 होतं. मेन रोडवर किती विक्री झाली, सातपूर-अंबडचे कारखाने किती पाळ्यांत चालले, याचा या आकड्याशी संबंधच नाही. जकात नाके असते तर एप्रिल 2020 मध्ये गल्ला कोरडा पडला असता.

मार बसला तो घरपट्टी-पाणीपट्टीला, आणि त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे. वसुलीचा जोर असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोटिसा, जप्तीचा धाक, शेवटच्या आठवड्यात रात्रीपर्यंत उघडी भरणा केंद्रं. टाळेबंदी लागली 24 मार्चच्या मध्यरात्री, म्हणजे नेमका तोच आठवडा गेला. पाठोपाठ एप्रिलही गेला. तेव्हा आगाऊ भरणाऱ्यांना एप्रिलमध्ये 5, मेमध्ये 3 आणि जूनमध्ये 2 टक्के सवलत असल्याने प्रामाणिक करदाता एरवी एप्रिलमध्येच यायचा. थकबाकीवर मात्र महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) लागते, वर्षाला 24 टक्के. त्या काळातली थकबाकी आजही बिलावर दिसत असेल तर मिळकतीचा इंडेक्स नंबर टाकून मूळ कर आणि शास्ती वेगवेगळी बघा. भरलेली रक्कम साधारणपणे आधी जुन्या बाकीत वळती होते. त्यामुळे ‘यंदाचं भरलं’ असं वाटूनही यंदाचं बिल तसंच उभं राहतं.

बांधकामाच्या बाजूने थोडा दिलासा आला. राज्याने सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत 3 आणि मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी कमी केलं. डिसेंबर 2020 मध्ये बांधकामाच्या नियमांची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, त्यानंतर बिल्डरांनी भरायच्या प्रीमियममध्ये 50 टक्के सवलतही. पण बांधकाम परवानगीबरोबर येणाऱ्या विकास शुल्काचा पैसा एकदाच मिळतो. त्याच्या जोरावर कायमचा खर्च वाढवला की पुढच्या आयुक्तांच्या डोक्याला ताप.

आता काम. घंटागाडीला चार. दारोदार कचरा उचलण्याची सवय शहराला कोरोनाच्या कितीतरी आधीपासून आहे, गाड्यांचे मार्ग ठरलेले, पाथर्डीचा खतप्रकल्प हाताशी. म्हणून टाळेबंदीतही गाडी दारात आली. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात मात्र शहराचा क्रमांक 2020 ला 11, 2021 ला 17 आणि 2022 ला 20. इथे एक बारकावा लक्षात घ्या: 2020 चा निकाल ऑगस्टमध्ये लागला, तरी पाहणी जानेवारीतली होती. 11 वा क्रमांक कोरोनाकाळाच्या खात्यात टाकता येत नाही.

मार्च 2021 अखेरीस गर्दी रोखायला बाजारात शिरण्यासाठी 5 रुपयांची पावती काढली गेली. मुदत एक तास, जास्त थांबलात तर 500 रुपये दंड. कल्पना पोलिसांची, पावती महापालिकेची. उत्पन्न म्हणून नगण्य, आणि पावतीच्या रांगेतच गर्दी होण्याची सोय. एक गुण.

खासगी रुग्णालयांच्या बिलांची तपासणी हे चांगलं काम होतं. राज्याच्या 21 मे 2020 च्या आदेशाने 80 टक्के खाटांना दर बांधून दिले: साधा विलगीकरण कक्ष 4000, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000 रुपये रोज. महापालिकेने लेखापरीक्षक नेमले. पण पीपीई किट, सीटी स्कॅन, महागडी औषधं या दरांबाहेर होती. बिल फुगायचं ते तिथेच, खाटेच्या भाड्यात नाही. तीन गुण.

ऑक्सिजनला गुण देता येत नाहीत. 21 एप्रिल 2021 रोजी डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाच्या आवारातल्या टाकीला गळती लागली, नळीतला दाब घसरला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण दगावले. टाकी 13 किलोलिटरची. एक लिटर द्रवाचा साधारण 860 लिटर वायू होतो, म्हणजे भरलेली टाकी सुमारे 1600 जंबो सिलिंडरच्या (एकात साधारण 7000 लिटर वायू) बरोबरीची. एवढा साठा एकाच जागी आला की तुटण्याची जागाही एकच उरते. हाय फ्लो नेझल मशीनवरच्या रुग्णाला मिनिटाला 60 लिटरपर्यंत लागतो. असे 30 रुग्ण असतील तर तासाला 15-16 जंबो संपतात. हाताने सिलिंडर पळवत आणून हे भागत नाही.

म्हणून महापालिकेच्या कुठल्याही रुग्णालयात, बिटको असो की इंदिरा गांधी, तीन गोष्टी विचाराव्यात. टाकीचा दाब घसरला की आपोआप सुरू होणारा मॅनिफोल्ड, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरची रांग, आहे का? टाकी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये वायू उलटा जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर सिलिंडरचा वायूही त्याच गळतीतून बाहेर जातो. आणि टँकर रिकामा होत असताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करता येणारा माणूस चोवीस तास हजर असतो का? टाकीच्या करारात भाडं ठळक छापलेलं असतं, माणसाची पाळी कुठेच नसते.

महापालिकेची शहर बससेवा सिटीलिंक सुरू झाली 8 जुलै 2021 ला, शहरातली शाळा-कॉलेजं बंद असताना. करार ग्रॉस कॉस्ट पद्धतीचा: बस चालवणाऱ्याला किलोमीटरमागे पैसे, तिकिटाचं उत्पन्न महापालिकेच्या परिवहन कंपनीला. बस रिकामी धावली तरी बिल लागतं. म्हणजे तोट्याची सुरुवात ठरवूनच झाली. बससेवा हवी होतीच, प्रश्न मुहूर्ताचा आहे.

हे सगळं पडताळायचं तर अंदाजपत्रकात ‘अंदाज’ आणि ‘सुधारित अंदाज’ हे रकाने सोडा, ‘प्रत्यक्ष’ बघा. तो रकाना उशिराने येतो: 2020-21 चा खरा जमाखर्च शोधायचा तर 2022-23 चं पुस्तक उघडावं लागतं. मग तीन ओळी शेजारी मांडा: जीएसटी अनुदान, घरपट्टी, विकास शुल्क. आणि शेवटी दायित्वाचा आकडा, म्हणजे आदेश दिलेल्या पण बिल बाकी असलेल्या कामांची बेरीज. शिल्लक दाखवणारं अंदाजपत्रक असलं तरी हा आकडा त्या शिलकेपेक्षा मोठा निघू शकतो.