लोकांना बुद्धिबळ दाखवायचंय? मग डाव कुणाचा मांडाल: मॉर्फी, ताल की कापाब्लांका?

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. आता आपल्या वाचनालयात किंवा गणेशोत्सवात बुद्धिबळाचं काहीतरी करावं, असं तुमच्या मनात असेल तर पहिला विचार स्पर्धेचा येतो. स्पर्धा जरूर घ्या, पण तिथे खेळणारेच येतात. ज्यांना घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे काही माहीत नाही, त्यांना बसवून ठेवायचं असेल तर एखादा गाजलेला डाव मोठ्या पटावर मांडून गोष्टीसारखा सांगावा लागतो. प्रश्न एवढाच, की डाव कुणाचा?

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी, त्याच्याबद्दल फार बोलायची गरज नाही. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहातल्या खाशा बैठकीत एक ड्यूक आणि एक काउंट एकमेकांशी सल्लामसलत करत त्याच्याविरुद्ध खेळले आणि सतराव्या खेळीला मात झाले. शेवटी मॉर्फी वजीर देऊन टाकतो आणि उरलेल्या एका हत्ती नि उंटाने मात करतो. दहा-बारा मिनिटांत डाव सांगून होतो, सोंगट्या लवकर बाहेर का काढायच्या हे मुलांना न शिकवता कळतं. अडचण एकच: समोरचे दोघे कच्चे होते, आणि प्रेक्षकांतला एखादा जाणता आजोबा हे बोलून दाखवतोच. सुरुवातीला मांडायला हा डाव उत्तम. अख्खी संध्याकाळ त्यावर निघणार नाही.

खरी निवड आहे ती मिखाइल ताल आणि होसे राउल कापाब्लांका यांच्यात.

तालचा डाव घ्यायचा तर १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा. मॉस्को, समोर जगज्जेता बोट्विनिक, ताल तेवीस वर्षांचा आणि काळ्या सोंगट्या. एकविसाव्या खेळीला त्याने घोडा सरळ एफ४ या घरावर (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा) नेऊन ठेवला, पांढऱ्याच्या प्याद्याच्या तोंडी. सभागृहात इतका गलबला झाला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. बुद्धिबळाला प्रेक्षक नसतो म्हणणाऱ्यांना एवढा एक प्रसंग पुरे. डाव तालने जिंकला, लढतही साडेबारा विरुद्ध साडेआठ अशी जिंकली. पुढे विश्लेषकांनी दाखवून दिलं, की बोट्विनिकने अचूक खेळ्या केल्या असत्या तर घोड्याचा तो बळी त्याला पचला असता.

इथेच तालचा तोटाही दिसतो. तो डाव पाहून घरी गेलेलं पोर दुसऱ्या दिवशी विसाव्या खेळीच्या आत घोडा फेकतं, हरतं, आणि का हरलो हे त्याला कुणी सांगू शकत नाही. तालची आकडेमोड त्याच्या डोक्यात होती. पटावर दिसते ती फक्त बेफिकिरी. आणि तो बेफिकीर होता हेसुद्धा अर्धसत्यच. १९७३-७४ मध्ये तो सलग ९५ डाव हरला नाही, आणि तो विक्रम २०१८ पर्यंत टिकला. पण ते डाव तुम्ही लोकांना दाखवणार नाही, कारण त्यात सभागृह गरजत नाही.

कापाब्लांकाचं उलट. हवानाचा हा माणूस १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं एकही डाव हरला नाही. १९२१ ला लास्करकडून जगज्जेतेपद घेतलं ते चार विजय आणि दहा बरोबऱ्या अशा हिशेबाने. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा आकडा भयंकर आहे. त्या दहा बरोबऱ्यांतली एक जरी पडद्यावर लावलीत तर चहा येण्याआधी खुर्च्या रिकाम्या.

म्हणून त्याचा डाव नीट निवडावा लागतो. माझी शिफारस न्यूयॉर्कच्या १९२४ च्या स्पर्धेतला, तार्ताकोव्हरविरुद्धचा. पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि थोडी प्यादी. पस्तिसाव्या खेळीला कापाब्लांका राजा जी३ वर आणतो. काळा हत्ती शह देऊन प्यादं खातो, राजा एच४ वर. काळा आणखी एक प्यादं खातो, तेही शह देत, आणि राजा जी५ वर. मग एफ६ वर. वाटेतलं काळं प्यादं तो मुद्दाम खात नाही, कारण तेच त्याच्या राजाला मागून येणाऱ्या शहापासून आडोसा देतं. लहानपणापासून 'राजा कोपऱ्यात, किल्लेकोटात' असं ऐकलेल्या माणसाला हे दाखवा आणि 'आता राजा कुठे जाईल?' असं विचारत थांबा. सोंगट्या कमी असल्याने नवखाही उत्तर देऊ शकतो. तालच्या डावात फक्त मास्तर उत्तर देतो.

मग मोठा कोण? हा वाद सभागृहात लावून द्यायलाच हवा, लोक त्यासाठी पुन्हा येतात. फक्त आकडे जपून वापरा. २००६ साली ल्युब्लियाना विद्यापीठाच्या ग्विड आणि ब्रातको यांनी जगज्जेत्यांच्या खेळ्या संगणकाने तपासल्या, तेव्हा सर्वांत कमी चुका कापाब्लांकाच्या निघाल्या. तालचे चाहते म्हणतील, सोप्या स्थितीत कोण चुकतो? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्याच अभ्यासात स्थितीच्या गुंतागुंतीचाही विचार केलेला आहे. कापाब्लांकाचे चाहते म्हणतील, स्थिती सोपी राहिली ती त्याने ठेवली म्हणून. रात्रभर चालू द्या.

'आनंद का नाही?' असं कुणी विचारणारच. २०१३ ला नेदरलँड्समधल्या वाइक आन झेच्या स्पर्धेत त्याने अरोनियनला काळ्या सोंगट्यांनी तेवीस खेळ्यांत लोळवलं, तो डाव अप्रतिम आहे. पण त्याची चव कळायला आधी चार डाव पाहिलेले हवेत. तो तिसऱ्या-चौथ्या बैठकीसाठी ठेवा.

एकच संध्याकाळ हातात असेल, मंडप भरायचा असेल आणि पुढे काही चालवायचं नसेल, तर आधी मॉर्फी, मग ताल. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी केलं तसं मुलांना वर्षानुवर्षं पटाशी बांधायचं असेल तर कापाब्लांका, आणि तोही शेवटाकडून, म्हणजे थोड्या सोंगट्या उरलेल्या स्थितीपासून. मी स्वतः दुसरा मार्ग धरीन. पहिल्या दिवशी गर्दी कमी होईल, हे कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवा.