ॲबर्डीन बंदर, हाँगकाँग : सांपानमधून फिराच

मी वर्सोव्याची, बाबा नाखवा होते. बंदर कुठलंही असो, माझी नजर आधी जाळ्यांकडे जाते. लेकाच्या नोकरीमुळे यंदा फेब्रुवारीत हाँगकाँगला तीन आठवडे राहिले आणि ॲबर्डीनला दोनदा गेले. पहिल्यांदा एका टूरबरोबर. धक्क्यावर पंधरा मिनिटं, फोटो, लगेच बस. मनाला फार चुटपुट लागली. म्हणून चार दिवसांनी सेंट्रलहून ७० नंबरची बस धरून सूनबाई आणि मी दोघीच पुन्हा गेलो.

सांपान म्हणजे तिथली छोटी, सपाट तळाची होडी. धक्क्यावर सांपानवाल्या बायका स्वतःच हाक मारतात. अर्ध्या तासाचे माणशी शंभर हाँगकाँग डॉलर ठरले, म्हणजे आपले हजाराच्या वर. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्यावं लागलं, ते आधीच द्यायला हवं. आमच्या मावशी सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर रुंद बांबूची टोपी, सुकाणू एका हातात. आमच्याकडे बाया म्हावरं विकतात, बाजार सांभाळतात, पण दर्यात पुरुषच जातात. इथे पिढ्यान् पिढ्या अख्खं कुटुंब बोटीवर राहिलं, बायांनी जाळी ओढली, बाळंतपणंही पाण्यावरच झाली. मावशींचा जन्म बोटीवरचाच. सूनबाईला कामापुरती कँटोनीज येते, तिने विचारलं, रांगती पोरं पाण्यात पडत नसत का? मावशींनी सुकाणू गुडघ्याने धरलं, तिथलीच एक दोरी उचलून स्वतःच्या कमरेभोवती फिरवली आणि दुसरं टोक खांबाला लावून दाखवलं.

आता बहुतेक कुटुंबं किनाऱ्यावरच्या उंच इमारतींत गेली आहेत. २०१२ च्या अखेरीस हाँगकाँगच्या पाण्यात ट्रॉलिंगवर, म्हणजे बोटीमागे मोठं जाळं ओढत करायच्या मासेमारीवर, बंदी आली, तेव्हाही अनेकांचा धंदा बदलला. तरी काही बोटींवर संसार दिसतो. एका मोठ्या बोटीच्या मागच्या बाजूला भात शिजवायचा कुकर, दोरीवर कपडे, ओळीने तीन जोड चपला, कुंडीत चिनी नववर्षाचं नारिंगीचं झाड आणि तारेवर सुकत घातलेली मासळी. तो वास आला आणि मला मासळी सुकवायची आमची खळी आठवली. कृपा करून अशा बोटींच्या आत कॅमेरा रोखू नका, ती लोकांची घरं आहेत.

तरंगतं जंबो रेस्टॉरंट बघायला म्हणून जाणार असाल तर ते आता नाही. २०२० मध्ये बंद पडलं आणि जून २०२२ मध्ये ओढून नेताना दक्षिण चीन समुद्रात उलटलं. माझ्या मते बंदराचं त्यावाचून काही अडत नाही. जमलं तर उन्हाळ्यात जा. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, तशी त्या समुद्रात मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते, तेव्हा बोटी घरी असतात. मी पुढच्या खेपेला तेव्हाच जाणार आहे.

फेरी संपल्यावर मावशींनी आम्हाला समोरच्या आप लेई चाऊ बेटावर उतरवलं. तिथे दर्याच्या देवाचं, हुंग शिंगचं, १७७३ सालचं देऊळ आहे, पाण्याकडे तोंड करून. नारळ कुठे मिळाला नाही. दोन संत्री ठेवली आणि बाबांचं नाव घेतलं.